संरक्षण क्षेत्रातील कंत्राटी उद्योगात ऑपरेशन्स मॅनेजर : जावे की न जावे?

चाकणवासी

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षे चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत उत्पादन विभाग सांभाळतो आहे. या कामाचे स्वरूप इथल्या अनेकांना ठाऊक असेल. ग्राहकाच्या लाइनला ठरलेल्या तासाला माल पोचला पाहिजे, गाडी चुकली तर लाइन थांबल्याचा भुर्दंड आपल्या माथी, आणि नाकारलेल्या मालाचा हिशेब दहा लाखांत किती नग असा. अलीकडे भोसरीतील एका मध्यम आकाराच्या कंपनीने मला ऑपरेशन्स मॅनेजरच्या जागेसाठी बोलावले. ही कंपनी तोफा आणि रॉकेट प्रक्षेपक यांच्यासाठी हायड्रॉलिक सिलिंडर व काही यांत्रिक जोडभाग बनवते. तिचे ग्राहक म्हणजे दोन-तीन मोठ्या खासगी कंपन्या आणि संरक्षण खात्याचे सार्वजनिक उपक्रम.

मुलाखतीत मला सायकल टाइम किंवा मशीनच्या कार्यक्षमतेविषयी कोणी काहीही विचारले नाही. त्यांनी विचारले ते असे : "मार्चचा शेवटचा आठवडा आहे, माल तयार आहे, निरीक्षक येऊन बसले आहेत आणि एका नगावरचा हीट नंबर (पोलाद कोणत्या वितळणीतले ते सांगणारा क्रमांक) वाचता येत नाही. तुम्ही काय कराल?" मी माझ्या परीने उत्तर दिले, पण तेव्हापासून विचारात पडलो आहे. या क्षेत्रात ऑपरेशन्स मॅनेजर नेमके काय करतो, वाहन उद्योगातले शिकलेले किती उपयोगी पडते, आणि पुढेमागे परतावेसे वाटले तर दार उघडे राहते का, हे अनुभवी सदस्यांकडून ऐकायला आवडेल. पगाराचे आकडे इथे लिहिणार नाही. फरक फारसा नाही एवढेच सांगतो.

टवाळ_पुणेकर

निरीक्षकांना चहा, मग पुन्हा चहा, आणि तेवढ्यात १ एप्रिल उजाडतो. प्रश्न आपोआप निकालात निघतो.

मुळाकाठ

मी याच प्रकारच्या कंपनीत याच पदावर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मशीनवरून नग उतरला म्हणजे आपले काम झाले, ही वाहन उद्योगातली सवय पहिल्याच महिन्यात सोडावी लागेल. आमच्याकडे यंत्रकाम हा एकूण वेळेतला लहानसा तुकडा असतो. ऑर्डर आली की आधी पोलाद शोधावे लागते. रेखाचित्रात एखादे खास मिश्रधातू पोलाद लिहिलेले असते, आपल्याला ते फार तर टन-दोन टन हवे असते आणि गिरणी एवढ्याशा मालासाठी भट्टी लावायला तयार नसते. मॅरेजिंग स्टीलसारखे काही असेल तर हैदराबादच्या मिधानी या सरकारी धातू कंपनीकडे रांगेत उभे राहावे लागते. पोलाद आले की त्याचे नमुने काढायचे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचे आणि निरीक्षकाचा शिक्का उमटेपर्यंत करवतीला हात लावायचा नाही. बार कापतानाही प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर आणि शिक्का आधी उतरवून घ्यावा लागतो. तुकडा आधी कापला आणि नंबर नंतर मारला, तर कागदावर तो तुकडा बेवारस ठरतो, मग त्याचे रसायन कितीही चोख असो.

त्यानंतर टर्निंग, बोअरिंग, उष्णतोपचार, होनिंग (आतला पृष्ठभाग दगडाने घासून गुळगुळीत करणे), चुंबकीय कण तपासणी आणि शेवटी प्लेटिंग. एक उदाहरण देतो. उच्च ताकदीच्या पोलादावर कॅडमियम चढवले की धातूत हायड्रोजन शिरतो आणि पुढे ताणाखाली भाग अचानक तडकण्याचा धोका राहतो. म्हणून प्लेटिंगनंतर साधारण चार तासांच्या आत तो भाग १९० अंशांच्या वरच्या भट्टीत घालून कित्येक तास भाजावा लागतो. आमच्या एका बाहेरच्या प्लेटरकडे एकदा वीज गेली, जनरेटरला डिझेल नव्हते आणि पूर्ण लॉट टाकीतून निघून सहा तास नुसता पडून राहिला. डोळ्यांना भाग लखलखीत दिसत होते. भट्टीच्या आलेखावरची वेळ मात्र खोटे बोलत नाही, आणि मी तो लॉट पुढे पाठवला नाही. प्लेटरचे म्हणणे होते की वाहनांच्या कामात असे कोणी बघत नाही.

थोडक्यात, यंत्रे चालवण्यापेक्षा दोन टप्प्यांमधली थांबण्याची जागा सांभाळणे, हे या पदावरचे मुख्य काम आहे. कोणता लॉट कोणत्या शिक्क्यासाठी, कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या परवानगीसाठी अडला आहे याची खडान्खडा माहिती जो ठेवतो त्याचा माल जातो. बाकीचे मार्चमध्ये धावपळ करतात.

शिक्का_आणि_सही

मी सरकारी गुणवत्ता निरीक्षणात नोकरी करून निवृत्त झालो. मुळाकाठ यांनी जे लिहिले ते बरोबर आहे, परंतु अशा धाग्यांवर निरीक्षक म्हणजे अडवणूक करणारा इसम असा सूर पुढे लागतोच, म्हणून आधीच दुसरी बाजू मांडतो.

चाकणवासी यांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. तो एक नग बाजूला काढायचा, त्यावर लाल पट्टी लावून तो बंद पिंजऱ्यात ठेवायचा आणि उरलेले नग तपासणीला सादर करायचे. वाचता न येणारा नंबर पंच घेऊन पुन्हा ठोकायचा नाही, कारण त्या क्षणी एका नगाचा प्रश्न सगळ्या लॉटचा होतो आणि पुढची काही वर्षे तुमच्या कंपनीचा प्रत्येक कागद संशयाने वाचला जातो. नंतर त्या नगाचे रासायनिक विश्लेषण आणि काठिण्य तपासून, मार्गपत्रिकेवरून तो कोणत्या बारचा असू शकतो हे दाखवून रीतसर सवलतीचा अर्ज करता येतो. तो मंजूर होईल किंवा होणार नाही. मुलाखत घेणाऱ्याला तुमचा धीर पाहायचा असावा.

आता विलंबाविषयी. तपासणीसाठी बोलावणे आले आणि आम्ही पोचलो की प्रत्यक्षात काय दिसायचे? गेजचे कॅलिब्रेशन उलटून गेलेले, पोलादाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आहे पण मूळ प्रत खरेदी विभागाच्या कुलपात, मधल्या टप्प्याची तपासणी झालेलीच नाही आणि गुणवत्ता आराखड्याची जी आवृत्ती मंजूर आहे तिच्याऐवजी आधीची आवृत्ती फाईलला लावलेली. अशा वेळी परत गेलेला निरीक्षक 'अडवतो' असे म्हटले जाते. एका अधिकाऱ्याकडे अनेक कंपन्या असतात, एकदा गेलेली तारीख पुन्हा लगेच मिळत नाही. चांगला इतिहास असलेल्या पुरवठादारांना स्वप्रमाणनाची सवलत देण्याची व्यवस्थाही आहे, पण ती ज्यांना मिळते त्यांच्या फाईली मी पाहिल्या आहेत. त्या आधीपासूनच स्वच्छ असतात.

लघुउद्योजक_भोसरी

शिक्का_आणि_सही यांच्याबद्दल आदर राखून असहमत. फाईल स्वच्छ असूनही माल पडून राहतो, हा माझा अनुभव आहे. जुने रेखाचित्र घ्या. त्यात ब्रिटिश मानकातली अशी एखादी श्रेणी लिहिलेली असते की जी आता बाजारात त्या नावाने मिळत नाही. समतुल्य श्रेणी कोणती, हे धातुशास्त्राच्या कोणत्याही पदवीधराला सांगता येते, पण रेखाचित्राची मूळ मोहोरबंद प्रत ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे त्याची लेखी मान्यता येईपर्यंत मी पोलादाची ऑर्डर देऊ शकत नाही. पत्र जाते, स्मरणपत्र जाते, साहेब बदलतात. इकडे पुरवठ्याच्या मुदतीचे घड्याळ चालूच असते.

आणि त्या घड्याळाचा दर काय? संरक्षण खरेदीच्या नेहमीच्या करारात उशिरा दिलेल्या मालाच्या किमतीवर आठवड्याला ०.५ टक्के भरपाई कापली जाते, कमाल १० टक्क्यांपर्यंत. दोन कोटींचा माल आठ आठवडे लांबला तर आठ लाख गेले. मोठी कंपनी सरकारशी जो करार करते तोच कलमासकट खाली आमच्या गळ्यात घालते, मात्र वरून मिळणारी मुदतवाढ खाली झिरपतेच असे नाही. ऑपरेशन्स मॅनेजरला हा आकडा रोज डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. हा खर्च नफ्यातूनच जातो, आणि एल-वन (सर्वांत कमी बोलीचा) ठरण्यासाठी भाव आधीच इतका खाली आणलेला असतो की नफ्यात कापायला फारसे काही उरलेले नसते.

शलाका_नि

वरच्या मुद्द्यात थोडी भर. संरक्षण खरेदीची नवी नियमपुस्तिका १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात स्वदेशीकरणाच्या विकास टप्प्यात विलंबाची भरपाई न आकारण्याची तरतूद आहे. जुन्या करारांना तिचा उपयोग नाही, आणि मोठ्या कंपनीने आपल्याशी केलेल्या खासगी करारात ती सवलत उतरली आहे का, हे आपणच वाचून घ्यायचे असते. चाकणवासी, तुम्ही त्या कंपनीत गेलात तर पहिल्या आठवड्यात सर्व चालू करारांची पुरवठा व भरपाईची कलमे स्वतः वाचा. विक्री विभागाने काढलेल्या सारांशावर विसंबू नका.

मी नियोजन विभागात आहे, त्याआधी वाहन उद्योगात होते, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगू शकते. पीपॅप (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची रीत), एफएमईए (संभाव्य दोषांचे विश्लेषण), कंट्रोल प्लॅन यांची तुम्हाला सवय असेल तर प्रथम नगाच्या तपासणीचा अहवाल जड जाणार नाही. एएस ९१०२ या विमान उद्योगातल्या मानकामधली रीत वेगळी असली तरी विचार तोच आहे, प्रत्येक मापाला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला पुरावा. एट-डी अहवाल (दोषाचे मूळ कारण व उपाय नोंदवणारा) लिहिण्याचा सराव तर सोन्यासारखा उपयोगी पडतो, कारण आपल्या क्षेत्रात अजून बरेच जण मूळ कारणाच्या रकान्यात 'कामगाराचे दुर्लक्ष' एवढेच लिहून मोकळे होतात.

जे उपयोगी पडत नाही तेही सांगते. साठा कमीत कमी ठेवण्याचा हट्ट इथे अंगाशी येतो. सील, खास बोल्ट, आयात बेअरिंग यांचा पुरवठादार बहुधा एकच असतो आणि त्याची मुदत महिन्यांत मोजावी लागते. साठा नको म्हणून सील उशिरा मागवले आणि तयार सिलिंडर त्या एका रबरी कड्यासाठी शेल्फवर बसून राहिले, हे दृश्य मी पाहिले आहे. दुसरे म्हणजे, रेखाचित्र बदलत राहते. विकास चालू असलेल्या प्रणालीत चाचणीनंतर डिझाइन बदलणारच, मग कोणता नग कोणत्या आवृत्तीनुसार बनला याची नोंद इआरपी या संगणकप्रणालीत बिनचूक असावी लागते. वाहन उद्योगात हे वर्षातून एकदा मॉडेल बदलताना होते, इथे एकाच पन्नास नगांच्या ऑर्डरमध्ये तीन आवृत्त्या नांदू शकतात.

टवाळ_पुणेकर

आमच्या शेजारच्या कंपनीत मार्चअखेरीस डिस्पॅच विभाग म्हणजे माउलींच्या पालखीच्या आदल्या दिवशीची आळंदी. पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकाच्या तोंडी कोणाचे तरी नाव, आणि 'दर्शन' कधी मिळेल ते कोणालाच ठाऊक नाही.

मुळाकाठ

टवाळ, हसू आले, पण त्यामागचे कारणही नोंदवतो. सरकारी तरतूद ३१ मार्चला संपते, त्या आधी माल स्वीकारला गेला नाही तर पैसे पुढच्या वर्षीच्या तरतुदीवर ढकलले जातात. त्यामुळे ग्राहक स्वतःच फेब्रुवारीपासून मागे लागतो. यावर माझा उपाय साधा आहे. मी आमच्या योजनेत शेवटची तपासणी जानेवारीअखेर धरतो आणि मार्च हा महिना नाहीच असे समजतो. मालकांना सुरुवातीला ते पटले नव्हते, कारण त्यासाठी पोलादात सहा महिने आधी पैसे गुंतवावे लागतात.

लघुउद्योजक_भोसरी

मुळाकाठ, हे तुम्हाला जमते कारण तुमच्यामागे बँकेची मोठी मर्यादा असावी. छोट्या माणसाचे काय? कार्यादेश मिळाला की आधी परफॉर्मन्स बँक गॅरंटी, तिच्यासाठी मुदत ठेव अडकते. मग पोलादाला पैसे रोख. माल गेला की ग्राहकाच्या गोदामात संयुक्त तपासणी व्हायची असते, ती होईपर्यंत बिल पुढे सरकत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण अनेक ऑपरेशन्स मॅनेजरांना ती हिशेब खात्याची वाटते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे कमाल ४५ दिवसांत द्यावेच लागतात, आणि ते न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. दिवस कधीपासून मोजायचे? खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. 'तपासणी बाकी आहे' असे फोनवर सांगणे ही लेखी हरकत नव्हे. त्यामुळे पोच पावतीवर तारीख, शिक्का आणि नाव घेणे हे तुमच्या डिस्पॅच कारकुनाचे सर्वांत मोलाचे काम आहे. या कायद्याचा बडगा उगारून ग्राहक गमवावा असे मी म्हणत नाही. मी स्वतः तो कधी उगारला नाही. पण पावती हातात असली की बोलण्याचा सूर बदलतो.

नवशिका

मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. संरक्षण उत्पादन २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटी रुपयांच्या वर गेले आणि निर्यात २३,६२२ कोटींवर पोचली, असे वाचले. मग हे क्षेत्र इतके अडचणीचे कसे? की वरची मंडळी जरा जास्तच तक्रार करीत आहेत?

लघुउद्योजक_भोसरी

आकडे खरे आहेत, बाळा. पाऊस धरणक्षेत्रात पडतो आणि पाणी नळाला एक दिवसाआड येते, हे पुण्यात राहून तुला वेगळे सांगायला नको.

जुना_तोफखाना

नवशिका यांच्या प्रश्नाला मी थोडे वेगळे उत्तर देईन. मी सैन्यात तोफखान्यात होतो आणि निवृत्तीनंतर काही काळ एका मोठ्या कंपनीत सल्लागार होतो.

या उद्योगातला काळ लांब असतो, हे आधी समजून घ्यावे. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबरच्या ओढत नेण्याच्या तोफेचे, म्हणजे अ‍ॅटॅग्सचे काम २०१३ च्या सुमारास सुरू झाले. ३०७ तोफांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. तो भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्यात विभागला गेला. मधल्या काळात वाळवंटात, बर्फात, डोंगरावर चाचण्या झाल्या, त्रुटी निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या. ज्या लहान कंपनीने पहिल्या नमुन्यासाठी सिलिंडर दिले असतील तिला मोठी ऑर्डर दिसण्यासाठी एवढी वर्षे तग धरावा लागला. तिच्या ऑपरेशन्स मॅनेजरला नमुन्याच्या दोन नगांसाठी फिक्स्चर, गेज, प्रशिक्षित कामगार सगळे उभे करावे लागते, आणि मग काही वर्षे ते सगळे धूळ खाऊ न देता जिवंत ठेवावे लागते. खरी कसोटी तिथे आहे.

पुण्याचा एक फायदा मात्र आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला स्फोटक पदार्थांचे काम करणारी एचईएमआरएल, दिघीला अभियांत्रिकी उपकरणांची प्रयोगशाळा, चाचण्यांसाठी एआरएआय ही वाहन संशोधन संस्था. दारूगोळा कारखाने ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत गेले तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. रेखाचित्रातल्या एखाद्या सहनमर्यादेवर शंका असेल तर ती ज्याने काढली तो डिझायनर रहदारी धरून तासाभराच्या अंतरावर बसतो. दुसऱ्या शहरातला पुरवठादार जे तीन पत्रांत विचारतो, ते इथे पूर्वपरवानगी घेऊन एका बैठकीत सुटते. अर्थात बैठकीचे इतिवृत्त लेखी घ्यावे, नाही तर शिक्का_आणि_सही परत पाठवतील.

शिक्का_आणि_सही

नक्की पाठवीन.

औंधची_अनघा

विषयाला थोडा फाटा फुटेल, पण विचारते. तुम्ही सर्व जण सिलिंडर, प्लेटिंग, पैसे यांविषयी बोलत आहात. शेवटी जे तयार होते ते माणसे मारण्यासाठी असते. या पदावर काम करताना हा विचार मनात येत नाही का? मी टीका करीत नाही. माझ्या भावाने याच कारणासाठी अशी नोकरी नाकारली होती.

जुना_तोफखाना

अनघाताई, प्रश्न रास्त आहे आणि आपल्या भावाचा निर्णयही. मी तोफेच्या मागे उभा राहिलो आहे, म्हणून माझे उत्तर त्या जागेवरून येते. रिकॉइल सिलिंडरने धक्का पेलला नाही तर पहिली इजा शत्रूला होत नाही, तोफेवरच्या सहा-सात पोरांना होते. प्रूफ फायरिंगसाठी, म्हणजे प्रत्यक्ष डागून पाहण्यासाठी, माल इटारसीला किंवा बालासोरला जातो तेव्हा तिथेही आपलीच माणसे उभी असतात. ज्याला हे काम नको असेल त्याने ते जरूर नाकारावे. ज्याने घेतले त्याने ते अर्धवट मनाने करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुळाकाठ

मला हा विचार येतो. निर्यातीच्या ऑर्डरच्या वेळी अधिक येतो. तिथे दारूगोळा-यादीतल्या वस्तूंसाठी संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी आणि अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र लागते. ते कागद मी फक्त औपचारिकता म्हणून वाचत नाही. याहून जास्त समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

शलाका_नि

मूळ विषयाकडे येऊ या. कामगारांविषयी कोणीच लिहिले नाही. लांब सिलिंडरचे आतून होनिंग करणारा आमचा एक ऑपरेटर आहे. मीटरभर खोल बोअरमध्ये दगड कुठे अडतो आहे हे तो यंत्राच्या आवाजावरून ओळखतो आणि तिथेच थांबून दाब कमी करतो. असा माणूस आयटीआयतून थेट मिळत नाही, घडवावा लागतो. ऑर्डर नसलेल्या महिन्यांत ओव्हरटाइम बंद होतो आणि चाकण-रांजणगावच्या कंपन्या त्याला उचलून नेतात. नंतर ऑर्डर येते तेव्हा यंत्र आहे, गेज आहे आणि हात नाहीत.

मुळाकाठ

म्हणूनच आम्ही रिकाम्या महिन्यांत बांधकाम यंत्रांच्या हायड्रॉलिक सिलिंडरचे काम घेतो. माणसे टिकतात, यंत्रांचे हप्ते निघतात.

लघुउद्योजक_भोसरी

हा प्रयोग आम्ही केला आणि बंद केला. व्यापारी ग्राहक रोज फोन करतो, संरक्षणाचा ग्राहक महिन्यातून एकदा. साहजिकच सुपरवायझर ज्याचा फोन येतो त्याचा नग यंत्रावर चढवतो. शिवाय दोन्ही प्रकारचे पोलाद एकाच रॅकवर आले की सरमिसळीची भीती. एका वेळी एकच काहीतरी करावे, या मताचा मी झालो आहे.

मुळाकाठ

रॅक वेगळा, त्याला जाळी आणि कुलूप, किल्ली फक्त गुणवत्ता विभागाकडे. यंत्रेही दोन गटांत वाटलेली. सुपरवायझर एकच ठेवला तर तुम्ही म्हणता तसे होणारच. आमच्याकडे दोन आहेत आणि त्यांचे आपसात फारसे पटत नाही, हे या व्यवस्थेत गैरसोयीचे नाही. पण मान्य करतो की जागा आणि माणसे यांचा दुप्पट खर्च प्रत्येकाला परवडणार नाही.

टवाळ_पुणेकर

दोन सुपरवायझर आपसात न पटणारे. म्हणजे साधी पुणेरी सोसायटी. अवांतर : फोन खरोखर गेटवर ठेवावा लागतो का? माझ्या मित्राची बायको त्याला दुपारी कंपनीच्या लँडलाइनवर फोन करते आणि रिसेप्शनिस्ट सगळे ऐकते.

शलाका_नि

हो, संवेदनशील विभागात ठेवावाच लागतो. परवानाधारक संरक्षण उद्योगांसाठी सुरक्षेची स्वतंत्र नियमावली आहे. प्रवेशनोंदी, अभ्यागतांची सोबत, रेखाचित्रांच्या प्रतींचा हिशेब, बाहेरच्या इंटरनेटपासून अलग ठेवलेले संगणक हे सगळे तिच्यात येते आणि त्याची अंमलबजावणी बहुतेक ठिकाणी ऑपरेशन्सकडेच सोपवलेली असते. कामगारांची पोलीस पडताळणी लांबली म्हणून नव्या शिफ्टची माणसे पंधरवडा बाहेर बसून राहतात, हेही नियोजनात धरावे लागते. आणि चाकणवासी, नोकरी घेतलीत तर लिंक्डइनवर कोणत्या प्रणालीचा कोणता भाग बनवता हे लिहू नका. वाहन उद्योगात तो अभिमानाचा विषय असतो. इथे अनोळखी 'रिक्रूटर' नेमक्या त्याच ओळी शोधत असतात.

नवशिका

लघुउद्योजक काका, नळाचे पटले. मग माझ्यासारख्याने सुरुवात गुणवत्ता विभागात करावी की उत्पादनात?

शिक्का_आणि_सही

गुणवत्ता विभागात, दोन वर्षे. रेखाचित्र आणि गेज वाचायला शिका. नंतर उत्पादनात गेलात तर कोणाला फसवता येणार नाही, आणि तुम्हालाही कोणी फसवणार नाही.

चाकणवासी

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. मी त्या कंपनीला पुन्हा भेटीची वेळ मागितली आणि आपल्या प्रतिसादांवरून काही गोष्टी विचारल्या. हातातल्या ऑर्डरी पुढच्या दीड वर्षाच्या आहेत आणि त्यातल्या मोठ्या भागाचा ग्राहक एकच आहे, हे त्यांनी न लपवता सांगितले. तपासणीचे बोलावणे कोण पाठवते, असे विचारले तेव्हा कळले की सध्या विक्री विभाग पाठवतो, ग्राहकाचा दबाव आला की. मी म्हटले, मी आलो तर ते पत्र माझ्या आणि गुणवत्ताप्रमुखांच्या सहीशिवाय जाणार नाही, आणि खास पोलादाच्या खरेदीची वेळ ठरवताना माझे मत घ्यावे लागेल. पहिली अट मालकांनी लगेच मान्य केली. दुसरीवर 'बघू' म्हणाले.

परतीच्या दाराविषयी मात्र कोणी लिहिले नाही.

शलाका_नि

दार उघडे राहते, पण दोन-तीन वर्षांपर्यंतच. त्यानंतर वाहन उद्योगातले लोक 'तुम्हाला वेगाची सवय राहिली नसेल' असे म्हणू लागतात. ते पूर्णपणे खरे नसले तरी मुलाखतीत ऐकावे लागते. विमानांचे सुटे भाग, रेल्वे, अणुऊर्जेसाठीची उपकरणे, वैद्यकीय उपकरणे इथे मात्र हा अनुभव चांगला मोजला जातो, कारण तिथेही प्रत्येक नगाची वंशावळ ठेवावी लागते.

लघुउद्योजक_भोसरी

दुसऱ्या अटीवर 'बघू' हे उत्तर मला चालले नसते. पोलाद कधी घ्यायचे हे जर मालक बँकेच्या शिल्लकीकडे पाहून ठरवणार असतील, तर उशिराचे आठवडे तुमच्या नावावर पडतील. निदान ऑर्डर मिळाल्यापासून किती दिवसांत पोलादाचा कार्यादेश निघेल, एवढे तरी नेमणूकपत्राआधी ठरवून घ्या.

मुळाकाठ

सहमत. फक्त एक सुचवतो. दीड वर्षाच्या ऑर्डरी हातात असणे आपल्या धंद्यात वाईट नाही, एकाच ग्राहकावर भिस्त असणे अधिक काळजीचे. त्या ग्राहकाचे मूळ करार कधी संपतात आणि पुढची कोणती निविदा अपेक्षित आहे, हे मालकांना स्वतःला सांगता येते का, ते पाहा.

शिक्का_आणि_सही

आणि कारखाना पाहायला जाल तेव्हा यंत्रे नंतर पाहा. गेल्या वर्षी स्वीकृत झालेल्या कोणत्याही एका लॉटची पूर्ण फाईल बघायला मागा. गोपनीय पाने ते काढून घेतील, ते योग्यच आहे. उरलेल्या कागदांत पोलादाचे मूळ प्रमाणपत्र, टप्प्याटप्प्याच्या तपासणीच्या सह्या, भट्टीचा आलेख आणि शेवटची निरीक्षण नोंद तारखांच्या क्रमाने लागतात का, हे तासाभरात कळते. फाईल आणून द्यायलाच त्यांना दोन दिवस लागले, तर त्यातून काय ते समजून घ्या.

चाकणवासी

शनिवारी जातो आहे. फाईल मागतो. पोलादाच्या दिवसांचा मुद्दाही लेखी मांडतो. माझी नोटीस तीन महिन्यांची आहे, म्हणजे आज राजीनामा दिला तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हावे लागेल.

मुळाकाठ

महिनाभर रजा काढा आणि एप्रिलमध्ये रुजू व्हा.

शिक्का_आणि_सही

उलट, मार्चमध्येच जावे. कंपनी कशी आहे ते त्याच महिन्यात दिसते आणि तेव्हा प्रोबेशन दोन्ही बाजूंनी चालू असते.